पायापुरता उजेड

दिवाळीच्या अंकात दिव्यांवर लिहायचं नाही, असा मी स्वतःपुरता एक नियम केला होता. पणती, आकाशकंदील, अंधार आणि प्रकाश ह्या विषयांवर मराठीत इतकं लिहून झालं आहे, की त्यात आणखी एका पानाची भर घालणं म्हणजे भर दुपारी वात पेटवण्यासारखं. शिवाय माझा धंदा मराठी शिकवण्याचा. ‘अंधाराकडून प्रकाशाकडे’ हे शब्द उत्तरपत्रिकांतून मी इतक्या वेळा वाचतो, की शेवटी शेवटी मला अंधारच बरा वाटू लागतो. ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी ही खोड ठाऊक आहे.

यंदा तो नियम मोडतो आहे. कारण सांगायची आहे ती हकिगत पणतीची नाही, मोटारीच्या आत लावलेल्या दिव्यांची आहे. आणि प्रकाशाच्या गौरवाची नसून त्यानं केलेल्या फजितीची आहे. फजिती हा शब्दसुद्धा जरा सौम्यच झाला. त्या रात्री चार हात अंतर कमी पडतं, तर हे पान लिहायला मी कुठल्या तोंडानं बसलो असतो, कोण जाणे.

गोष्टीची सुरुवात झाली गेल्या वर्षीच्या भाऊबिजेला. आम्ही सगळे साताऱ्यातच बहिणीकडे जेवायला निघालो होतो. आमची गाडी लहान, चार दारांची आणि दहा वर्षांची. माझ्या आधी ती दुसऱ्या कुणाची होती. म्हणजे तिच्या स्वभावाची जडणघडण माझ्या हातून झालेली नाही. बहिणीच्या दारात गाडी थांबली, आईनं मागचं दार उघडलं, पाय बाहेर टाकला आणि तो उंबऱ्यासारख्या वर आलेल्या पत्र्याच्या कडेला अडकला. मी धावेपर्यंत ती गुडघ्यावर बसलेली. हाड मोडलं नाही हे नशीब. पण गुडघा पंधरा दिवस काळानिळा होता.

आईचं वय शहात्तर. गाडीच्या छताला एक दिवा आहे, दार उघडलं की तो लागतोही. पण तो उजेड पडतो डोक्यावर. पाय जिथं टेकायचा, तिथं माणसाची स्वतःचीच सावली. तरण्या माणसाला एवढ्यानं अडत नाही. म्हाताऱ्या डोळ्यांचं तसं नसतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याचा साधारण एक-तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. साठीनंतरच्या सोळा वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. आपण ‘आई, समोरच तर आहे, दिसत कसं नाही?’ म्हणून वैतागतो, तेव्हा खरोखरच तिच्यापर्यंत उजेड पोचलेला नसतो.

तोडगा सुचवला आमच्या चिरंजीवांनी. ते तेव्हा अकरावीत होते, आणि त्यांचे रविवार कोपऱ्यावरच्या गॅरेजात जात. ह्या गॅरेजवरून आमच्या घरात जी वादावादी चाले, ती इथं सांगण्याचं कारण नाही; ज्यांच्या घरी अकरावीतला मुलगा आहे, त्यांना ती पाठ असेल.

“बाबा, आजीच्या पायाशी एलईडीची लहानशी पट्टी लावू या,” तो म्हणाला. “दार उघडलं की लागेल, मिटलं की विझेल. मी करतो.”

“तू अभ्यास कर,” मी म्हटलं, “मी करतो.”

ह्या तीन शब्दांनी पुढचं सारं रामायण घडवलं.

बाजारात गेलो. दुकानदारानं पाच मीटरचं वेटोळं पुढं टाकलं. रिबिनीसारखी पट्टी, तिच्यावर तांदळाएवढे दिवे, पाठीमागं चिकट गोंद. मला हवी होती हातभर. पण सुटी पट्टी महाग पडते, सबंध वेटोळं स्वस्त पडतं, हे त्यानं मला पटवून दिलं. रंग कुठला? “सध्या निळाच चालतो, सर,” तो म्हणाला. मीही निळाच घेतला. घरी येऊन त्या निळ्याची कुळकथा वाचली, तेव्हा तर मला धन्य वाटलं. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६२ सालीच तयार केला होता. हिरवाही मागोमाग आला. पण झगझगीत निळा काही केल्या साधेना. त्यासाठी १९९० नंतरची वर्षं उजाडावी लागली. त्या कामाबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा ह्या तिघांना २०१४ सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं. निळा मिळाला म्हणून पांढरा मिळाला. कारण आपल्या घरातला पांढरा एलईडी म्हणजे बहुधा पिवळसर लेप दिलेला निळाच असतो. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना तीस वर्षं हुलकावणी देणारा रंग मी तीनशे रुपयांत पिशवीत घालून आणला होता!

पट्टीवर ठरावीक अंतरानं कात्रीचं चित्र असतं. तिथंच कापायची, मधे कुठं कापायची नाही. कारण सोपं आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. निळ्या दिव्याला लागतात सुमारे तीन. म्हणून तीन दिव्यांची एकेक माळ करतात आणि उरलेला जोर जिरवायला जोडीला एक रोधक बसवतात. तिघांचं कुटुंब वेगळं काढता येतं. त्यातला एक मात्र फोडता येत नाही. हे मला समजलं, आणि समजलं म्हणजे जमलं अशी माझी समजूत झाली. प्राध्यापकांचा हा जुना आजार आहे.

आईच्या पायाशी दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम मीटरभर पट्टी पुरली. उरली चार मीटर. आता तुम्हीच सांगा, चार मीटर चांगली पट्टी माळ्यावर टाकून द्यायची? आमच्या पिढीला पुडीचा दोरा गुंडाळून ठेवायची सवय. मी उरलेली पट्टी चारी दारांच्या कडेनं फिरवली, आणि तरी उरली ती पुढच्या काचेखालच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली. संध्याकाळी दिवे लावले आणि सौभाग्यवतींना बोलावलं. तिनं पाहिलं आणि विचारलं, “अहो, गाडी आहे की गणपतीची आरास?” मी म्हटलं, मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, आपल्या गाडीत निळा आला. लोकशाही ती हीच!

चिरंजीवांनी वाकून जोडणी पाहिली. “फ्यूज कुठं आहे, बाबा?”

“गाडीला आहेत ना फ्यूज!”

“आणि बटण?”

“बसवू पुढच्या रविवारी.”

तो काही बोलला नाही. खरं म्हणजे मी गाडीतल्या सदैव जिवंत असणाऱ्या एका तारेचं साल थोडं सोललं होतं, तिला पट्टीच्या तारेचं टोक गुंडाळलं होतं आणि वर चिकटपट्टी मारली होती. रात्री गाडी ठेवताना ते वेटोळं सोडवायचं, सकाळी पुन्हा गुंडाळायचं. दाराशी त्या दिव्यांचा काही संबंध उरला नव्हता. आईसाठी आणलेले दिवे आता गाडी चालू असताना सदासर्वदा जळत होते, आणि पुढचा रविवार काही उगवत नव्हता.

असे पंधरवडाभर गेले. देवदिवाळीला, म्हणजे आमच्याकडे मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला, गावी जायची चाल आहे. गाव वाईच्या पलीकडे. कॉलेज आटोपून निघायला उशीर झाला. कार्तिकातली अमावास्या, त्यामुळं रात्र काळीकुट्ट. मी गाडी चालवतो आहे, शेजारी चिरंजीव, मागं आई आणि सौभाग्यवती. पुण्याच्या हमरस्त्यावर काही जाणवलं नाही, कारण समोरच्या गाड्यांचाच झगमगाट एवढा होता. पाचवडच्या फाट्याला आत वळलो आणि बाहेरचा उजेड संपला. आत मात्र निळं राज्य. फळीवरची निळी रेघ पुढच्या काचेत उलटी उमटली होती. रस्त्याच्या बरोबर मधोमध, हवेत, दुसरी एक निळी रेघ तरंगत चालली होती. मी मनात म्हटलं, काय शोभा आहे!

ते दिवस साखर कारखान्यांच्या हंगामाचे. बीडकडून आलेल्या ऊसतोडणीवाल्यांच्या बैलगाड्या रात्री-अपरात्री कारखान्याकडे जात असतात. एका वळणानंतर मला त्या निळ्या रेघेखाली एक पिवळा ठिपका दिसला. तो मला दिसला होता, हे मी मुद्दाम सांगतो. पण काचेत आधीच इतकी प्रतिबिंबं होती, की मला तो त्यांच्यातलाच एक वाटला. आतलाच कुठलातरी दिवा काचेत पडला असेल, असं समजून मी तसाच पुढं गेलो.

“बाबा, बैलगाडी!”

मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी फरफटत गेली आणि थांबली. समोर चार हातांवर उसाच्या मोळ्यांची भिंत. तिच्याखाली, आसाला टांगलेला एक कंदील हेलकावे खात होता. तोच माझा पिवळा ठिपका. आणि मोळ्यांच्या वर, घोंगडी पांघरून, पाचसहा वर्षांचं एक पोर गाढ झोपलं होतं. त्याला काहीच कळलं नाही.

गाडीवान खाली उतरला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. आणि द्याव्यात असंच मला वाटत होतं. त्यानं बैलांच्या मानेवर हात ठेवला, आमच्या गाडीत वाकून पाहिलं आणि अगदी शांतपणानं विचारलं, “सायेब, लई उजेड हाय की गाडीत. भाईरचं दिसतंय का तुमास्नी?”

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तेवीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारतो आहे. इतका नेमका प्रश्न मला अजून काढता आलेला नाही.

तो गेला. मी दिवे बंद करायला गेलो, आणि आठवलं की बटणच नाही! हात थरथरत होते. फळीखाली हात घालून तार हिसकली, तर ती सुटली आणि तिचं उघडं टोक कुठंतरी लोखंडाला अर्धवट टेकलं. एक ठिणगी उडाली, प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, धुराची बारीक रेघ वर आली. मी नुसता बघत राहिलो. चिरंजीवांनी मात्र पायाशी असलेल्या पेटीचं झाकण काढलं आणि टॉर्चच्या उजेडात एक फ्यूज उपटून काढला. दिवे विझले, धूर थांबला. आम्ही सगळे अंधारात बसून राहिलो. हळूहळू रस्ता दिसू लागला, मग कडेची झाडं, मग त्यांच्या वरच्या चांदण्या.

मागून आई म्हणाली, “तुझे आजोबा रात्री मळ्यात पाणी द्यायला जायचे, तेव्हा कंदील गुडघ्याच्या खाली धरायचे. डोळ्यांपुढं धरला की नुसता कंदील दिसतो, वाट दिसत नाही, म्हणायचे.”

घरी पोचल्यावर मला झोप आली नाही. आजोबांच्या त्या वाक्याला शास्त्राचा आधार आहे, हे मी मागाहून वाचलं. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि मिणमिणत्या उजेडात त्याची आवडनिवड बदलते. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकात बागेतल्या फुलांवरून हे उमगलं. दिवसा लाल फूल ठसठशीत दिसतं; पण उजेड अगदी कमी असला की तेच काळवंडतं आणि निळं उजळ वाटतं. म्हणजे रात्रीच्या डोळ्याला लालपेक्षा निळसर उजेड जास्त जाणवतो. मी दुकानातून नेमका तोच रंग उचलला होता आणि नेमका नाकासमोर चिकटवला होता. आतला उजेड जेवढा जास्त, तेवढं बाहेरचं कमी. काचेतलं प्रतिबिंब तर दुहेरी घात करतं: खरा दिवा झाकतं, आणि झाकला गेला नाही तर तो खोटा वाटायला लावतं.

दुसऱ्या दिवशी वाईला गेलो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचं काम उभारलं, त्याच गावात मला विजेचा पहिला धडा मिळायचा होता. धडा देणारे एक ऑटो-इलेक्ट्रिशियन. सारं गाव त्यांना उस्ताद म्हणतं. त्यांनी फळीखाली डोकं घातलं, बराच वेळ काढलं नाही, आणि मग विचारलं, “कुणी केलंय हे?”

“मीच.”

“वाटलंच. शिकलेल्या माणसाचं काम दिसतंय.”

मग त्यांनी मला जळकी तार दाखवली. तिचं साल वितळून गुठळ्या झाल्या होत्या. मी विचारलं, गाडीचा फ्यूज होता, मग तो उडाला का नाही? उस्ताद म्हणाले, “सर, फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. ही गाडीची तार जाड. तिच्यासाठी वीस अँपियरचा फ्यूज. तुमची तार शेवयीएवढी. अर्धवट टेकून दहाबारा अँपियर गेले, की वीसवाल्याच्या हिशेबानं सगळं ठीक आहे. तुमची तार मात्र जळतेय.” जाड तारेला बारीक तार जोडायची, तर जिथं जोड देणार, तिथंच, वितीच्या आत, बारीक तारेपुरता लहान फ्यूज बसवायचा. दिवा कितीही लहान असो.

मी वही काढली नाही, पण काढायला हवी होती. त्या दोन तासांत जे कळलं, ते इथं थोडक्यात देतो. कुणाच्या तरी आईच्या उपयोगी पडेल.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवायचं. पिवळ्या वेष्टणाच्या किंवा पिवळ्या जोडणीच्या तारांना हातसुद्धा लावायचा नाही. त्या अपघातात फुगणाऱ्या पिशव्यांच्या असतात, आणि त्या बहुधा पुढच्या खांबांत, छताच्या कडेला, बैठकीच्या कुशीत दडलेल्या असतात. दाराबरोबर लागणारे दिवे हवे असतील, तर छताच्या दिव्याच्या जोडणीतून वीज घ्यायची. बऱ्याच जुन्या गाड्यांत दाराचं बटण ऋण बाजू जोडतं आणि तोडतं, हे मीटर लावून आधी पाहायचं, अंदाजानं नाही. नव्या गाड्यांत हेच काम गाडीचा छोटा संगणक करतो, तिथं त्याच्यावर जादा भार टाकायचा नाही. गाडी चालू झाली की बारा व्होल्टचे चौदा होतात, तेही ध्यानात ठेवायचं. पत्र्याच्या भोकातून तार न्यायची तर भोकात रबरी कडं हवं, नाहीतर हादऱ्यानं साल कापलं जातं. चिकटपट्टीवर विसंबायचं नाही. ती वैशाखात घाम सोडते. जोड झाळून त्यावर आवळणारी नळी चढवायची. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चालकाच्या पायांजवळ काहीही लोंबता कामा नये. सुटलेली पट्टी ब्रेकखाली गेली, तर मग फ्यूज काय करणार?

“आणि बटणाशिवाय कायम जोडून ठेवली असती तर?” मी विचारलं.

उत्तर चिरंजीवांनी दिलं. पाच मीटरची ही पट्टी सुमारे दोन अँपियर खाते. आमची बॅटरी पस्तीस अँपियर-तासांची, आणि तीही जुनी. “एका रात्रीत आणि एका दिवसात संपली असती, बाबा. गावी चार दिवस राहायचं म्हणून आलोय आपण. आजीला मधेच दवाखान्यात न्यावं लागलं असतं, तर गाडी चालूच झाली नसती.”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, “हा कुठं शिकला?”

मी म्हटलं, “रविवारी.”

नवी जोडणी त्यानंच केली. उस्ताद स्टुलावर बसून नुसते पाहत होते, आणि मी उस्तादांकडे पाहत होतो. चार मीटर निळी पट्टी निघाली. तिच्या जागी कोमट पिवळसर पांढऱ्या रंगाचे चार तुकडे आले, प्रत्येक वीतभर, पुढच्या बैठकांच्या खाली आणि मागच्या दारांच्या तळाशी, तोंड जमिनीकडे. बसल्या जागेवरून दिवा दिसत नाही. दिसते ती फक्त जमीन आणि पत्र्याची ती दुष्ट कड. सगळे मिळून अर्धा अँपियरसुद्धा खात नाहीत. वर एक अँपियरचा फ्यूज. त्यानं प्रत्येक जोड ओढून पाहिला, मग दार दहा वेळा उघडून मिटून पाहिलं, मग फळीखाली डोकं घालून तारा एकेक करून बांधल्या. मी म्हटलं, “अरे, तिथं कोण बघणार आहे?” तो म्हणाला, “म्हणूनच नीट बांधायच्या ना.”

मला माझे निबंध आठवले. जे दिसतं त्याला झिलई देण्यात मी आजवर किती शाई घालवली! आमच्या विद्यापीठात शंभरात चाळीस गुण मिळाले की पोरगं पास होतं, आणि पंचाहत्तर मिळवणाऱ्याला आम्ही हुशार म्हणतो. विजेच्या परीक्षेत नव्याण्णव जोड बरोबर आणि एक चुकीचा, म्हणजे नापास. आणि ती नापासाची शिक्षा मागच्या बैठकीवर झोपलेल्या माणसाला होते, किंवा उसाच्या मोळ्यांवर झोपलेल्या पोराला.

एक गोष्ट सांगायची राहिली. ‘मी सांगत होतो, बाबा’ हे वाक्य म्हणायचा त्या पोराला पुरेपूर हक्क होता. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि आजपर्यंत एकदाही ते त्यानं म्हटलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो, तर त्यावर एक लेख लिहिला असता.

आपल्या भाषेत दिव्यांना किती नावं आहेत! देवघरात समई, ओवाळायला निरांजन, दाराशी पणती, वर टांगायला लामणदिवा, हातात कंदील, मिरवणुकीपुढं मशाल. वर्गात मी ही यादी फळ्यावर लिहीत असे आणि भाषेच्या श्रीमंतीचं उदाहरण म्हणून मिरवत असे. ती नावं नुसती दिव्याच्या आकाराची नाहीत, त्याच्या जागेची आहेत, हे मला आता कळतं. आपल्या वाडवडलांनी दिवा किती मोठा हे नंतर पाहिलं. तो कुठं ठेवायचा, हे आधी ठरवलं. त्यांच्याकडे तेल मोजकं होतं, म्हणून त्यांना हे शहाणपण सक्तीनं शिकावं लागलं असेल. आपल्याला पाच मीटर तीनशे रुपयांना मिळतं.

काढलेली निळी पट्टी अजून माळ्यावर आहे. यंदा ती आकाशकंदिलात घालावी असं चाललं आहे. तिथं ती शोभेल. कंदिलाकडं बघायचंच असतं.

परवा घटस्थापनेच्या रात्री देवीच्या दर्शनाहून आलो. गाडी दारात थांबली. आईनं दार उघडलं, तिच्या पायाशी हातभर जागेत पिवळसर उजेड पडला. मी पुढच्या बैठकीवरून मान वळवून पाहत होतो. चिरंजीवही पाहत होते, पण दोघंही न पाहिल्यासारखं करत होतो. आईनं कड ओलांडली, पाय जमिनीवर टेकला, दुसरा टेकला, पदर सावरला आणि किल्ली मागायला हात पुढं केला. दिव्याबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. तो तिच्या लक्षातसुद्धा आला नसावा.

मी किल्ली दिली. चिरंजीवांनी दार मिटलं, दिवा विझला. ते आता बारावीत आहेत आणि त्यांचे रविवार अजूनही गॅरेजातच जातात. मी काही बोलत नाही. फक्त जेवायला वेळेवर ये, एवढंच सांगतो.